ई-20 पेट्रोल आणि कॅम्पर व्हॅन: ॲव्हरेजचा हिशेब आणि नळ्यांची तपासणी

इंदूरच्या रस्त्यांवर दिसणारी घर-गाडी साधारण दोन प्रकारची असते. एक मोठी, ट्रॅव्हलरवर बांधलेली, डिझेलवर चालणारी. दुसरी म्हणजे ओम्नी किंवा ईकोच्या मागच्या सीटा काढून, प्लायवूडचा पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली छोटी व्हॅन. ही पेट्रोलवर चालते, किंवा पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर. इथेनॉलचा प्रश्न या दुसऱ्या गाडीचा आहे. डिझेलवाल्यांनी शेवटचा जनरेटरचा भाग तेवढा वाचला तरी पुरे.

पंपावर सध्या मिळतं ते ई-20: 80 भाग पेट्रोल, 20 भाग इथेनॉल. देशभर 10 टक्के मिश्रण जून 2022 मध्ये पूर्ण झालं, फेब्रुवारी 2023 मध्ये ई-20 पंपांवर यायला लागलं आणि 2025 पर्यंत तेच सगळीकडे झालं. मुळात 20 टक्क्यांचं लक्ष्य 2030 साठी ठेवलं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढलं. त्यामुळे 10 टक्के धरून बनलेल्या, अजून ऐन वापरात असलेल्या लाखो गाड्यांच्या टाकीत दुप्पट इथेनॉल आलं. जुन्या कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) ओम्नी तर 10 टक्केही डोळ्यांसमोर न ठेवता बनलेल्या.

सगळी चर्चा ॲव्हरेजवर अडकते, म्हणून आधी तोच हिशेब करून टाकू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण 21. ई-20 च्या लिटरमध्ये म्हणून 29.8 भरते, ई-10 च्या लिटरमध्ये 30.9. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ई-20 मध्ये सात टक्क्यांच्या आसपास घट आहे. पण शुद्ध पेट्रोल आपण कित्येक वर्षांत भरलेलंच नाही. ई-10 वरून ई-20 वर येताना नुसत्या ऊर्जेच्या हिशेबाने जी घट व्हायला हवी ती साडेतीन टक्क्यांची. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातले आकडेही याच घरातले आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-10 वर ट्यून केलेल्या चारचाकीत 6 ते 7 टक्के घट, तशाच दुचाकीत 3 ते 4, आणि ई-10 साठी बनवून ई-20 वर ट्यून केलेल्या चारचाकीत 1 ते 2. शेवटचा आकडा एवढा लहान का, तर ई-20 चा ऑक्टेन आकडा (दाबाखाली इंधन अवेळी न पेटण्याचं माप) 95 च्या आसपास आहे. त्याचा फायदा घेऊन इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि स्पार्कचं टायमिंग वाढवता येतं. जुन्या इंजिनाला तो फायदा उचलता येत नाही, तोटा मात्र पूर्ण सोसावा लागतो.

आता हेच किलोमीटरमध्ये बघा. 40 लिटरची टाकी आणि 15 चं ॲव्हरेज धरलं तर एका टाकीत 600 किलोमीटर. साडेतीन टक्के घटीने ते 579 होतात, सात टक्क्यांनी 558. म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी एका टाकीमागे साधारण इंदूर-देवासएवढं अंतर कमी पडतं. ते पैसे खिशातून जातात आणि त्याबद्दल तक्रार करणं रास्तच आहे. पण 15 चं ॲव्हरेज 12 वर आलं असेल, तर ती वीस टक्के घट आहे आणि ती एकट्या इथेनॉलच्या माथी मारता येत नाही. ब्रेक चिकटत असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, ऑक्सिजन सेन्सर मंदावला असेल, थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन पुरेसं तापतच नसेल. कॅम्परमध्ये वजनाचाही मोठा वाटा असतो. 18 मिलिमीटर प्लायवूडचा आठ बाय चारचा एक ताव 30 किलोच्या पुढे जातो, 100 अँपिअर-तासाची लेड बॅटरी जवळपास तेवढीच भरते, आणि 40 लिटर पाणी म्हणजे सरळ 40 किलो. वर कॅरियर आणि गुंडाळलेली छत्री असेल तर 80 च्या वेगाला ती वाऱ्यात जेवढी ओढ लावते, तेवढी इथेनॉल लावत नाही.

मोजायचं तर नीट मोजा. एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर टाकी भरा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबा, वरून टपटप घालू नका. पुढच्या वेळी तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एका टाकीचा आकडा काही सांगत नाही, निदान तीन टाक्यांची सरासरी हवी. आपल्याकडे उताराचाही घोटाळा होतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, महेश्वर नर्मदेकाठी 150 च्या आसपास. जाताना 400 मीटर उतरायचं आणि येताना तेवढंच चढायचं. एकाच बाजूचं ॲव्हरेज काढलं तर जाताना इथेनॉल निर्दोष ठरेल आणि येताना गुन्हेगार. जाऊन-येऊन मिळून मोजा.

इंजिनात काय होतं ते हवेच्या प्रमाणावर ठरतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9, आणि ई-20 ला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. कार्ब्युरेटरला असं काही कळत नाही. त्याच्या जेटमधून (ठरावीक मापाच्या भोकाचा छोटा तुकडा) येईल तेवढंच इंधन येतं आणि मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. चढावर गाडी ओढ सोडते, ॲक्सिलरेटर दाबला की आधी दचकते मग उचलते, पाय काढला की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो, आणि प्लग काढून पाहिला तर टोक पांढरं. भेरूघाटासारख्या चढावर भरलेली व्हॅन अशा मिश्रणावर रेटत नेली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर उष्णतेचा जादा ताण येतो.

यावर उपाय जेटचा आहे आणि तो अवघड नाही. शुद्ध पेट्रोलसाठीच्या जेटला ई-20 वर सुमारे आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर चालतो, म्हणून व्यास चार टक्के वाढवला की पुरतं. 100 नंबरचं मेन जेट असेल तर 102.5 किंवा 105, याहून पुढे जाऊ नका. आयडलच्या (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असतानाच्या) मिश्रणाचा स्क्रू थोडा सैल करा. काही मिस्त्री जुनंच जेट तारेने किंवा रीमरने रुंद करून देतात. ते करू देऊ नका. भोक गोल राहत नाही, आकडा किती झाला ते कुणालाच माहीत नसतं आणि मागे फिरायची वाट बंद होते. नवं जेट बसवा, जुनं डब्यात जपून ठेवा.

इंजेक्शनच्या गाडीत जेटऐवजी फ्युएल ट्रिम बघायचा, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त सोडतो आहे तो आकडा. साधारण 2013 नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचं (गाडीतले दोष वाचायचं) सॉकेट असतं आणि त्यात बसणारा ब्लूटूथचा स्कॅनर स्वस्तात मिळतो. इंजिन पूर्ण तापू द्या, मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम आधी आयडलवर आणि मग 2500 आरपीएमवर वाचा. ई-10 च्या गाडीत ई-20 घातल्यावर हा आकडा अधिक तीन ते अधिक आठच्या दरम्यान स्थिरावला तर ईसीयू आपलं काम करतो आहे आणि तुम्ही काही करायचं नाही. अधिक 15 च्या वर गेला तर दुसरा दोष शोधा. आयडलला जास्त आणि 2500 ला ठीक असेल तर इनटेककडे कुठेतरी हवा शिरते आहे. आयडलला ठीक आणि भार पडला की वाढत असेल तर पंप थकला आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. पी0171 (मिश्रण फार कोरडं) हा दोषाचा कोड लागला की "इथेनॉलमुळे" म्हणून कोड पुसून गाडी परत देतात. खरं असं असतं की गाडीत आधीच दहा-बारा टक्क्यांची कमतरता दबून होती, सावरून घ्यायला जी जागा उरली होती ती इथेनॉलने खाल्ली आणि जुना दोष उघडा पडला. कोड पुसल्याने पंप नवा होत नाही.

ॲव्हरेजपेक्षा मला कितीतरी जास्त काळजी रबराची वाटते. जुन्या गाड्यांच्या इंधन नळ्या नायट्राइल रबराच्या असतात. इथेनॉल ते रबर फुगवतं, त्यातला मऊपणा आणणारा अंश बाहेर काढतं आणि नळी वाळली की ती कडक होऊन तडकते. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असतं. कॅम्परमध्ये त्याच डब्यात माणसं झोपतात आणि गॅस पेटवतात. तिथे झिरपणारी नळी म्हणजे आगीची तयारी.

टाकीपासून इंजिनापर्यंत बहुतेक नळी पोलादी असते, पण तिच्या दोन्ही टोकांना, फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे, परतीच्या (जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या) लाइनवर आणि टाकीच्या तोंडापाशी रबराचे तुकडे असतात. प्रत्येक तुकडा हाताने तपासा. क्लिप सरकवून टोकाजवळ अंगठ्याने दाबा. चांगली नळी दाबते आणि लगेच परत येते. फुगलेली नळी चिकट लागते, नखाचा ठसा धरून ठेवते आणि बोटाला काळं लागतं. कडक झालेली नळी दुमडली की बाहेरच्या वळणावर बारीक भेगांची जाळी दिसते. शंका आली तर तो तुकडा काढून ब्लेडने उभा चिरा. बरेचदा बाहेरून ठीक दिसणाऱ्या नळीचा आतला थर पापुद्र्यासारखा सुटलेला असतो. त्याचेच काळे कण पुढे जाऊन फ्लोटच्या सुईखाली (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) बसतात आणि कार्ब्युरेटर ओसंडू लागतो.

बदलताना आतल्या बाजूला फ्लुओरोइलास्टोमर, म्हणजे व्हायटॉन जातीचं अस्तर असलेली नळी घ्या. तिच्यावर एसएई जे30 आर9 असं छापलेलं असतं. आर7 लिहिलेली नळी कार्ब्युरेटरच्या कमी दाबाला पुरते, पण इंजेक्शनच्या गाडीत तीन बारच्या आसपास दाब असतो, तिथे ती लावू नका. पैशांचा फरक इतका नाही की दोन प्रकार ठेवावेत. सगळीकडे आर9 लावा. माप बहुधा 6 किंवा 8 मिलिमीटर असतं, तरी जुना तुकडा सोबत घेऊन छोटी ग्वालटोलीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा आणि तो समोर ठेवूनच नवी नळी कापून घ्या. नळीवर छपाई नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. क्लिपही नव्या आणि गोल कडेच्या, कारण खाचांच्या पट्टीची क्लिप रबरात रुतते आणि तिथेच नळी कापते. कार्ब्युरेटरच्या गाडीत सोबत मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आणि गॅसकेटचा किट बदलून टाका. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचं साहित्य ई-20 धरून ठेवायचं असं नीती आयोगाच्या आराखड्यातच ठरलं होतं. आपल्या गाडीचं काय, ते पेट्रोलच्या झाकणाजवळचा स्टिकर आणि मालकाचं पुस्तक सांगेल.

फिल्टरबद्दल थोडक्यात. इथेनॉल चांगला विद्रावक आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं टाकीच्या भिंतीला बसलेला चिकटा सुटून पुढे येतो. बराच काळ उभी असलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर काढली तर दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला, हजार किलोमीटरने परत एकदा बघा, मग नेहमीच्या वेळापत्रकावर या.

पाण्याचा विषय पावसाळ्यात निघतोच. इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं, पण हवेतून येणारं पाणी एवढं नसतं की चार दिवसांत टाकी बिघडावी. टाकीत पाणी जातं ते झाकणाच्या फाटलेल्या वायसरमधून, सर्व्हिसिंगला प्रेशरने धुताना, किंवा पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतूनच आलेलं असतं. थोडं पाणी इथेनॉलमध्ये विरघळून जळूनही जातं. ई-10 साधारण अर्धा टक्का पाणी मुरवून घेतं, म्हणजे 40 लिटरमागे 200 मिलिलिटर. ई-20 याहून जास्त घेतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाला जातं. पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनाला आधी मिळतं ते हे पाणी-इथेनॉल. गाडी पेटत नाही किंवा पेटून लगेच बंद पडते, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरलेला असतो. ही मर्यादा थंडीत आणखी खाली येते. जुलैत पाणी मुरवून बसलेलं इंधन जानेवारीत, पारा दहाच्या खाली गेल्यावर, दुभंगू शकतं. व्हॅन त्यामुळे पावसाळाभर उभी ठेवून हिवाळ्यात थेट सहलीला काढायची असेल तर आधी तळ बघा.

तळ बघायचा तो असा. मोकळ्या जागेत, आसपास ज्योत नाही याची खात्री करून, टाकीच्या खालच्या बोल्टमधून किंवा फिल्टरच्या आधीची नळी सोडून पाव लिटर इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा. पंधरा मिनिटं हलवू नका. सबंध बाटली स्वच्छ राहिली तर ठीक. धूसर दिसली तर पाणी मर्यादेला टेकलं आहे. खाली वेगळा थर आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली तर टाकी पूर्ण रिकामी करायची. वरून ताजं पेट्रोल ओतून तो थर खात्रीने मिसळत नाही. बाजारात मिळणाऱ्या "इथेनॉल ट्रीटमेंट"च्या बाटल्याही दुभंगलेलं इंधन जोडू शकत नाहीत आणि ॲव्हरेज तर मुळीच परत आणू शकत नाहीत, कारण कमी असलेली ऊर्जा बाटलीतून येत नाही. 95 ऑक्टेनचं महाग पेट्रोल घेतलं म्हणजे इथेनॉल टळलं असंही समजू नका.

मिश्रणात इथेनॉल नेमकं किती हे घरीही अंदाजे कळतं. 100 मिलिलिटरची काचेची मोजनळी घ्या, प्लास्टिकची नको. त्यात 10 पर्यंत पाणी आणि वर 100 पर्यंत पेट्रोल भरा, तोंड बंद करून चांगलं हलवा, मधूनमधून वाफ सोडा आणि दहा मिनिटं थांबा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. ई-20 असेल तर रेघ 26 ते 28 च्या दरम्यान येते, ई-10 असेल तर 19 च्या जवळ. 35 च्या पुढे गेली तर पंपावर जाऊन बोला. फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरचं माप तिथे मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

उन्हाळ्यात वेगळाच त्रास होतो. पेट्रोलमधले हलके घटक आणि इथेनॉल एकत्र आले की दोन्ही वेगवेगळे असताना उकळतील त्यापेक्षा कमी तापमानाला वाफ धरतात. मे महिन्यात घाट चढून वर चहाला थांबलं, दहा मिनिटांनी स्टार्टर मारला आणि गाडी नुसतीच फिरते आहे, तर पंप आणि नळीत वाफ अडकली आहे. ओम्नीत हे जास्त होतं, कारण सीटखाली हवा खेळत नाही. सीट उचलून झाकण उघडा, मेकॅनिकल पंपावर ओला फडका ठेवा आणि वीस मिनिटं द्या. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी ओतू नका, तो तडकेल. वारंवार होत असेल तर परतीची लाइन कुठे चेपली आहे का ते पाहा, नळी एक्झॉस्टपासून दूर बांधा आणि वर उष्णतारोधक आवरण चढवा.

सीएनजी बसवलेल्या व्हॅनचे मालक स्वतःला या सगळ्यातून सुटलेले समजतात. खरं तर त्यांच्याच टाकीतलं पेट्रोल सगळ्यात जुनं असतं. गाडी पेट्रोलवर सुरू होते, लगेच गॅसवर जाते आणि टाकीतलं पाच-सहा लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. वरच्या रिकाम्या जागेत दमट हवा जाते-येते, हलके घटक उडून जातात, पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरतो. मग गॅस संपतो नेमका पंप नसलेल्या रस्त्यावर, आणि पेट्रोलवर गाडी उठत नाही. टाकी पाव भरलेली ठेवा, आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि दोन महिन्यांत जुनं संपवून नवं भरा.

नेटवर अमेरिकन मोटरहोमवाल्यांचे सल्ले वाचताना हे लक्षात ठेवा की तिथलं रोजचं पेट्रोल ई-10 आहे. ई-15 ला तिथे 2001 पासूनच्या हलक्या गाड्यांपुरतीच परवानगी आहे, जड मोटरहोम त्यातून वगळल्या आहेत. "इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरा" हा त्यांचा सल्लाही आपल्या गावातल्या पंपावर कामाचा नाही.

राहिला जनरेटर. याची सगळ्यात जास्त हेळसांड होते. छोट्या पेट्रोल जनरेटरला कार्ब्युरेटर असतो आणि त्याचं मिश्रण कारखान्यातच कोरडं ठेवलेलं असतं. ई-20 वर ते आणखी कोरडं होतं आणि भार नसताना आवाज वर-खाली होऊ लागतो. तो थोडी चोक ओढल्यावर थांबला तर जेट लहान पडतं आहे किंवा तुंबलं आहे असं समजा. आधी स्वच्छ करा, तरी राहिलं तर एक नंबर मोठं जेट टाका. पुस्तकात ई-10 पर्यंतच चालेल असं लिहिलं असेल तर पूर्ण भारावर तासन्‌तास चालवू नका, सत्तर टक्क्यांवर ठेवा. सहलीवरून आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून जनरेटर आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, मग फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढा. ही पाच मिनिटं दिली नाहीत तर दोन महिन्यांनी त्या वाटीत पांढरी-हिरवट पूड दिसते. तो जस्ताच्या आणि पितळेच्या भागांचा गंज असतो, आणि तो पायलट जेटच्या (आयडलचं इंधन देणाऱ्या बारीक जेटच्या) भोकात बसला की फुंकून निघत नाही. जेट नवंच घ्यावं लागतं.